सुतळी, ओळंबा आणि पाव फेरा: नवख्यांसाठी सस्पेन्शन आणि अलाइनमेंट

उद्यमबागेतल्या कुठल्याही गॅरेजसमोर अर्धा तास उभं राहा, एक वाक्य हमखास कानावर पडतं. "मामा, गाडी डावीकडं ओढूलालीय, जरा अलाइनमेंट करून द्या की." मामा मुरलेला असेल तर मशीनकडं जात नाही, आधी चाकाशेजारी उकिडवा बसतो आणि विचारतो, "हवा कधी भरलासा शेवटची?" निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात. पुढच्या दोन चाकांत चार-पाच पीएसआयचा फरक असला की गाडी कमी हवेच्या बाजूला ओढणारच, त्याला मशीन काय करणार?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात ज्यांनी नुकताच गाडीच्या सेटिंगचा, म्हणजे सस्पेन्शन (चाक गाडीला जोडणारे स्प्रिंग, शॉकअप, आर्म) आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन) जुळवायचा नाद लावून घेतलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कुणाला चोर्ला घाटातून गोव्याला जाताना गाडी अंगाला चिकटून चालायला हवीय, कुणाला वर्षातून एकदा कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर जाऊन यायचंय. दोघांच्या गाड्या एकाच कंपनीच्या असल्या तरी सेटिंग एक नसतं. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी वहीत एक ओळ लिहा: वर्षाला किती किलोमीटर रस्त्यावर आणि किती ट्रॅकवर. बहुतेकांचं उत्तर बारा हजार आणि शंभर असं येतं. तेव्हा सेटिंग रस्त्याचंच ठेवायचं आणि ट्रॅकसाठी तेवढ्यापुरतं बदलून परत आणायचं.

तीन शब्द आधी समजून घेऊ

टो म्हणजे वरून बघितल्यावर पुढची दोन चाकं एकमेकांकडं वळलेली आहेत की बाहेर. पायांचे अंगठे आत करून उभे राहिलात तर टो-इन, बदकासारखे बाहेर केलेत तर टो-आउट. टायर खाण्यात हाच सगळ्यात पुढं. कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाक किती कललंय ते. चाकाचा माथा गाडीकडं झुकला तर निगेटिव्ह. कॅस्टर समजायला बुलेटचा पुढचा फोर्क बघा, खाली येताना तो पुढं सरकतो. कारमध्येही स्टिअरिंग ज्या अक्षावर फिरतं तो तसाच मागं कललेला असतो. वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग हातातून आपोआप सरळ होतं ते मुख्यतः त्याच्यामुळं.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढं कुणी फसवणार नाही. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये पुढं मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब) आणि मागं टॉर्शन बीम (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा आडवा बीम) असतो. कंपनीनं त्यात हातानं फिरवायला एकच गोष्ट दिलेली असते, पुढचा टो. कॅम्बर, कॅस्टर आणि मागची चाकं मोजता येतात, पण फिरवायला तिथं काही नसतं. 'चारही चाकांचं सगळं सेट केलं' म्हणून कुणी पैसे मागितले, तर नेमका कुठला बोल्ट फिरवला ते दाखवा म्हणायचं.

आधी दुरुस्ती

ढिल्या गाडीची अलाइनमेंट म्हणजे हलत्या खाटेवर तराजू मांडण्यासारखं. आज माप बरोबर येईल आणि उद्या जांबोटीच्या रस्त्यावर पहिल्याच खड्ड्यात बदलेल.

गाडी जॅकवर घ्या आणि खाली घोडी (पक्का लोखंडी स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, 'एक मिनिटाचं काम हाय' म्हणूनसुद्धा नाही. चाक वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर बेअरिंग किंवा लोअर आर्मचा (चाक खालून गाडीला धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट. मग डावी-उजवीकडं धरून हलवा. तिथं प्ले (ढिलेपणा) असला तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या रॅकपासून चाक वळवणाऱ्या दांड्याची टोकं. लोअर आर्मचं मागचं बुश (सांध्यातलं रबर) टॉर्चनं बघा. त्याला चीर पडली असेल तर ब्रेक मारताना चाक मागं सरकतं आणि गाडी एका बाजूला जाते. लोक हाच दोष अलाइनमेंटवर ढकलतात. लिंक रॉडचा टकटक आवाज आपल्या भागात घराघरात ऐकू येतो. त्यानं अलाइनमेंट बिघडत नाही, पण वळणात अँटी-रोल बार (गाडीचं झुकणं कमी करणारी आडवी सळी, लिंक रॉड तिलाच जोडलेला असतो) उशिरा काम करतो. शॉकअपवर तेलाचा ओला ओघळ असेल तर तो बदला, आणि बदलताना जोडीनं बदला.

पावसाळ्यानंतर ही तपासणी केलेली बरी. खानापूर तालुक्यातल्या जून ते सप्टेंबरच्या पावसात खड्डा किती खोल आहे हे चाक आत गेल्यावरच कळतं. पुढं उसाचा हंगाम सुरू झाला की निपाणी-संकेश्वर पट्ट्यात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी आतले रस्ते पन्हाळीसारखे होतात. मग चाक त्या चाकोरीत स्वतःच फिरतं आणि माणूस म्हणतो की स्टिअरिंग बिघडलंय. ते बिघडलेलं नसतं.

आणखी एक. आपण डावीकडून चालतो आणि पाणी निचरून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता केलेला असतो. त्यामुळं हात सोडला की चांगली गाडीही हळूहळू डावीकडं जाते. खात्री करायची तर हवा सारखी करून पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघा. टायरवर फिरायच्या दिशेचा बाण असेल तर मात्र हा प्रयोग करू नका. ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा.

सपाट जागा

सपाट दिसणारं अंगण सपाट नसतं. गवंड्याकडं पाण्याची पारदर्शक नळी असते, ती मागून आणा. चारही चाकांच्या जागी पाण्याची पातळी बघा आणि जिथं खोलगट असेल तिथं प्लायवूडचे तुकडे सरकवा. नुसता टो मोजायचा असेल तर थोडा उतार चालतो. कॅम्बरला चालत नाही, कारण फरशीचा उतार थेट मापात मिसळतो.

टायर थंड असताना हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणं भरा. डिकीतलं सामान काढा, पण स्टेपनी राहू द्या. टाकी अर्धी. ट्रॅकसाठी मोजत असाल तर चालकाच्या जागेवर वजन ठेवा, सिमेंटचं पोतं बरोबर ५० किलोचं असतं. रस्त्याच्या सेटिंगला एवढं लागत नाही. पण चौघं सामानासकट सारखे गोव्याला जात असाल तर तसं भरूनही एकदा मोजून बघा, आकडे बदललेले दिसतील.

गाडी जॅकवरून उतरवली की लगेच मोजायचं नाही. चाकं खाली टेकताना आत ओढलेली राहतात. चार-पाच मीटर पुढं-मागं ढकला, बॉनेट आणि डिकी दोन-तीनदा दाबा, मग मोजा. नवखा माणूस इथंच चुकतो आणि नंतर दोन मापं जुळत नाहीत म्हणून डोकं धरून बसतो.

सुतळीचं काम

मशीन नव्हती तेव्हाही गाड्या सरळ चालत होत्या. रेसिंगच्या पिटमध्ये आजही सुतळी लावतात, कारण ती वीज मागत नाही.

गाडीच्या रुंदीपेक्षा फूटभर लांब असे इलेक्ट्रिक फिटिंगच्या पाइपाचे दोन तुकडे घ्या. दोन्ही एकत्र धरून दोन्ही टोकांना एकाच वेळी करवतीनं खाचा पाडा. एकत्र पाडल्यामुळं दोन्ही पाइपांवरचं अंतर तंतोतंत सारखं येतं, आणि म्हणूनच सुतळ्या आपोआप समांतर राहतात. एक पाइप गाडीच्या पुढं, एक मागं, चाकाच्या मध्याच्या उंचीवर स्टुलांवर ठेवा. खाचांतून दोन्ही बाजूंना मासे पकडायचा नायलॉन दोरा ताणून बांधा. नाव सुतळीचं असलं तरी खरी सुतळी जाड असते आणि झोल खाते.

आता पाइप डावीकडं-उजवीकडं सरकवून गाडी दोऱ्यांच्या बरोबर मधोमध आणा. पुढच्या डाव्या चाकाच्या मध्यापासून दोऱ्याचं अंतर तेवढंच पुढच्या उजव्याचं. मागंही तसंच. पुढचं आणि मागचं अंतर एकमेकांशी जुळणार नाही, कारण दोन्ही अॅक्सलची रुंदी वेगळी असते. ते जुळवत बसू नका.

स्टिअरिंग सरळ करून सीटला दोरीनं बांधा. मग स्टीलच्या पट्टीनं दोऱ्यापासून रिमच्या पुढच्या कडेपर्यंत आणि मागच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. पुढचं जास्त आलं तर चाक आत वळलंय, म्हणजे टो-इन. मागचं जास्त तर टो-आउट. समजा डाव्या चाकाला पुढं १४२ मिमी आणि मागं १४१, उजव्याला १४२ आणि १४०. एकूण टो-इन ३ मिमी. चौदा इंची रिम कडेपासून कडेपर्यंत साधारण ३८० मिमी भरतो, त्यामुळं १ मिमी फरक म्हणजे सुमारे ०.१५ अंश. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये आकडा अंशात असला तर या हिशेबानं बदलून घ्या.

रिम वाकडा असेल तर सगळं माप खोटं. गाडी चाकाचा अर्धा फेरा पुढं ढकला, पुन्हा मोजा आणि दोन्हीची सरासरी धरा.

फिरवायचं असेल तर टाय रॉडचा लॉक नट सैल करा. त्याआधी गंजावर तेल सोडून रात्रभर ठेवा, नाहीतर नट गोल होतो आणि मग शेजाऱ्यांनाही आपली भाषा ऐकावी लागते. रॅकच्या रबरी बूटची क्लिपही सैल करा, तो पिळला तर फाटतो. बहुतेक गाड्यांत टाय रॉड चाकाच्या मध्याच्या मागं असतो. तिथं रॉड लांब केला की टो-इन वाढतो आणि आखूड केला की टो-आउट. तुमच्या गाडीत पुढं असेल तर उलटं. पाव फेऱ्यानं रिमवर साधारण १ मिमी सरकतं. दोन्ही बाजूंना सारखाच फिरवा, नाहीतर गाडी सरळ जाईल आणि स्टिअरिंग वाकडं राहील. नट आवळताना रॉड दुसऱ्या पान्यानं धरा. मग पुन्हा ढकला, दाबा, मोजा. दोन वेळा सारखा आकडा आला तरच तो खरा.

चाकाखाली सरकती जागा असली तर काम सोपं होतं. दोन गुळगुळीत फरश्यांच्या मध्ये ग्रीस लावून त्यावर पुढची चाकं चढवली की टर्न-प्लेटचं काम होतं. हॅन्डब्रेक लावून मागच्या चाकांना दगड मात्र लावा.

ओळंबा

कॅम्बरला गवंड्याचा ओळंबा पुरतो. तो चाकासमोर लोंबवा आणि रिमच्या वरच्या कडेपर्यंतचं व खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. ३८० मिमीच्या रिमवर वर-खालचा फरक साडेसहा मिमीच्या आसपास आला तर तो एक अंश. वरचं अंतर जास्त म्हणजे निगेटिव्ह. मोबाइलमधलं कोन मोजायचं अॅपही चालतं. फक्त फोन आधी त्याच फरशीवर सपाट ठेवून शून्य करून घ्या.

आकड्यांपेक्षा दोन्ही बाजूंतला फरक महत्त्वाचा. पुढची दोन्ही चाकं उणे अर्ध्या अंशावर असली तर ठीक. डावं उणे दीड आणि उजवं शून्य असेल, तर कुठल्यातरी खड्ड्यात स्ट्रट किंवा आर्म वाकलाय. ते बोल्टनं लपवायचं नाही.

कॅम्बर हवाच असेल तर स्ट्रट जिथं नकलला (चाकाचं बेअरिंग धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टनी धरलेला असतो, तिथला एक बोल्ट काढून कॅम्बर बोल्ट (फिरवला की चाकाचा कल बदलणारा खास बोल्ट) घालतात. एक-दीड अंश मिळतो. क्रम मात्र विसरू नका, आधी उंची, मग कॅम्बर, शेवटी टो. कॅम्बर हलवला की टो हलतोच.

रस्त्यासाठी काय ठेवायचं

मॅन्युअलमधला आकडा. कंपनीचा माणूस तुमच्यापेक्षा जास्त रस्ते फिरलाय. सर्वसाधारणपणे पुढं शून्य ते २ मिमी एकूण टो-इन आणि कंपनीचा कॅम्बर. घाटवाल्यांनी फार तर उणे एक अंशापर्यंत जावं. हायवेवर निपाणीपासून कित्तूरपर्यंत एका सुरात जाणाऱ्या गाडीला टो-आउट दिला तर ती सतत डावं-उजवं शोधत राहते आणि माणूस थकतो.

मशीनवर करून घेणार असाल तर आधीचं आणि नंतरचं, दोन्ही प्रिंट मागा. नुसती नंतरची हिरवी प्रिंट काही सांगत नाही. आणि मशीनवर चढवण्याआधी त्यांनी हवा तपासली का, ते बघा.

टायरवरून हात फिरवून बघा. आतून बाहेर हात गुळगुळीत जातो आणि उलट फिरवताना करवतीसारखे दात लागतात, तर टो चुकलाय. फक्त आतली कड झिजली असेल तर कॅम्बर जास्त, किंवा टो-आउट, किंवा दोन्ही. दोन्ही कडा झिजल्या म्हणजे हवा कमी, मधला पट्टा झिजला म्हणजे हवा जास्त.

खाली बसवलेल्या गाडीबद्दल

माझ्या जुन्या हॅचबॅकला मी हौसेनं आखूड स्प्रिंग बसवल्या होत्या. दुकानात उभी असताना गाडी झकास दिसली. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवरून पहिल्यांदा गेलो तेव्हा रबरी बंप स्टॉपचा (सस्पेन्शन पूर्ण दबलं की अडवणाऱ्या तुकड्याचा) धप्प आवाज आला, आणि पुढं रोज येत राहिला. स्प्रिंग बसवणाऱ्यानं टो मोजलाच नव्हता, आणि मीही विचारलं नाही. पावसाळा संपेपर्यंत पुढच्या टायरची आतली कड तारा दिसेपर्यंत गेली होती.

गाडी खाली गेली की लोअर आर्मचा कोन बदलतो, टाय रॉडचाही, म्हणून टो आपोआप हलतो. आर्म आडव्याच्या पलीकडं वर झुकला तर वळणात कॅम्बर वाढायच्या ऐवजी कमी व्हायला लागतो. आणि चाकाला वर जायला जागा उरली नाही की वळणाच्या मध्यात सस्पेन्शन बंप स्टॉपवर टेकतं. त्या क्षणी ते चाक दगडासारखं कडक होतं आणि पकड सुटते. आपल्या गावागावांतले गतिरोधक कुठल्या मापानं बांधतात हे बांधणाऱ्यालाच ठाऊक. अशा रस्त्यांना उंची लागते. मी त्या स्प्रिंग काढल्या, कंपनीच्याच नव्या घातल्या आणि उरलेल्या पैशांत चांगले टायर घेतले. घाटात फरक टायरनंच पडला.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं ठरवलेल्या मूळ मापांपासून गाडी बदलता येत नाही, आणि कलम १८९ प्रमाणं परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत हा गुन्हा आहे. गाडी केए-२२ असो, केए-२३ असो नाहीतर पलीकडची एमएच-०९, कायदा तोच. चोर्ला किंवा आंबोली हा ट्रॅक नाही. समोरच्या वळणावरून काय येतंय ते तुम्हाला दिसत नाही, आणि धुक्यात तर स्वतःचं बॉनेटही दिसत नाही.

ट्रॅकवर जायचं ठरलं तर

पहिली पायरी स्वस्त आणि जवळची आहे. कोल्हापूरला मोहितेज रेसिंग अकॅडमीचा गो-कार्ट ट्रॅक आहे. गो-कार्टला सस्पेन्शनच नसतं, तिची चौकटच वाकून स्प्रिंगचं काम करते, आणि मागचा अॅक्सल एकसंध असल्यामुळं वळताना आतलं मागचं चाक थोडं उचलावं लागतं. ते काम पुढचा भरपूर कॅस्टर करतो. वजन कुठून कुठं जातं हे पाठीला कळायला याच्यासारखी शाळा नाही. स्वतःची गाडी न्यायची तर कोइम्बतूरजवळ चेट्टिपालयमचा कारी किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक.

गाडीत पहिल्यांदा फक्त हवा बदला. टायर तापला की दर पाच-सहा अंश सेल्सिअसला सुमारे १ पीएसआय वाढतो. म्हणून सुरुवातीला ३-४ पीएसआय कमी ठेवून निघतात आणि तीन-चार फेऱ्यांनंतर लगेच मोजून चारही चाकं हव्या त्या गरम आकड्यावर आणतात. टायरच्या खांद्यावर पांढऱ्या बूट पॉलिशची आडवी रेघ ओढा. बाजूच्या भिंतीपर्यंत रेघ पुसली गेली तर हवा कमी आहे, खांद्यापर्यंतही पुसली नाही तर जास्त.

मग कॅम्बर. वळणात गाडी बाहेरच्या बाजूला झुकते आणि बाहेरचं चाक बाहेरच्या कडेवर उभं राहतं. आधीपासून निगेटिव्ह दिलेला असेल तर त्या क्षणी टायर पूर्ण टेकतो. पुढं उणे दीड ते अडीच अंश ही रस्त्याच्या टायरवरच्या गाड्यांची नेहमीची मर्यादा. टो शून्य किंवा एकूण १ ते २ मिमी बाहेर. त्यानं वळणात तोंड पटकन घुसतं. मागं मात्र टो-आउट कधी नको, शेपटी कधी सुटेल सांगता येत नाही.

फिरवता येणारे शॉकअप असतील तर नॉब आधी हलक्या हातानं पूर्ण कडक बाजूला न्या आणि तिथून मागं क्लिक मोजा. दर वेळी दोनच क्लिक, आणि एका वेळी एकच गोष्ट. उंचवट्यानंतर गाडी दोन-तीनदा डुलत राहिली तर रिबाउंड (दबलेली स्प्रिंग परत उघडताना शॉकअप करतो तो विरोध) कमी. सलग उंचवट्यांवर ती खाली खाली बसत गेली तर रिबाउंड जास्त. पुढची चाकं वळणात बाहेर घसरत असतील तर पुढचं मऊ किंवा मागचा अँटी-रोल बार कडक. त्याआधी मात्र आपणच जास्त वेगानं आत शिरलो का, हे प्रामाणिकपणे वहीत लिहा. माझ्या वहीत बहुतेक वेळा तेच लिहिलेलं आहे.

विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी धरलेली नसते. हे निघण्याआधी घरच्यांनाही सांगा.

परतीची तयारी निघतानाच करायची असते. घरी रस्त्याचं सेटिंग पक्कं झालं की कॅम्बर बोल्टच्या डोक्यावर आणि टाय रॉडवर पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवा आणि ट्रॅकवर किती पाव फेरे दिले ते वहीत लिहा. संध्याकाळी पॅडॉकमध्ये (ट्रॅकवर गाड्या उभ्या करायच्या जागेत) तेवढेच पाव फेरे उलटे देऊन रेघ जुळवा. कोइम्बतूर ते बेळगाव आठशेच्या वर किलोमीटर आहे, तेवढ्या अंतरात टो-आउटवरचे टायर आतून जातील. हवा थंड टायरवर स्टिकरच्या आकड्यावर आणा, चाकांचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला (किती जोरानं आवळायचं त्या आकड्याला) आवळा आणि पन्नास-साठ किलोमीटरनंतर चहाला थांबाल तेव्हा पुन्हा एकदा पाना लावा. घरी आल्यावर दोरा ताणून टो परत मोजा, रेघ जुळली तरी मिलिमीटरभर इकडंतिकडं झालेलं असतं.